उदयनाचार्य आणि निरीश्वरवाद्यांचा पूर्वपक्ष

ईश्वर नाही असे प्रतिपादणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मगच त्यास उत्तर द्यावे, ही शिस्त ज्यांनी कसोशीने पाळली त्यांत मिथिलेचे उदयनाचार्य अग्रगण्य होत. आजच्या समस्तीपूर जिल्ह्यातील करियन हे गाव परंपरा त्यांचे म्हणून दाखविते. 'लक्षणावली'त शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४, हा काल आढळतो. काही विद्वान मात्र त्यांना अकराव्या शतकात आणतात.

विक्रमशिलेच्या बौद्ध पंडितांचा तो उत्कर्षकाल. ज्ञानश्रीमित्राने नैयायिकांच्या ईश्वरानुमानावर कठोर प्रहार केले होते. आचार्यांनी 'आत्मतत्त्वविवेक' लिहून बौद्धांचा क्षणभंगवाद खोडला. त्या ग्रंथाची भाषा मात्र तिखट आहे. त्यांची खरी कीर्ती 'न्यायकुसुमांजली'वर उभी आहे.

या ग्रंथाचे पाच स्तबक म्हणजे पाच आक्षेपांना दिलेली उत्तरे होत. परलोकाचे अलौकिक साधनच नाही. असले तरी ते ईश्वरावाचून सिद्ध होते. ईश्वराच्या अभावाचे प्रमाण आहे. तो असला तरी प्रमाणभूत नाही. आणि त्याचे साधक प्रमाण नाही. यांत चार्वाक आहे तसा मीमांसकही आहे. वेद मानूनही जगत्कर्ता न मानणारा हा प्रतिपक्षी चार्वाकाहून अवघड, हे आचार्य जाणून होते.

आरंभीच ते एक शंका स्वतःवर ओढवून घेतात. उपनिषदांचे अनुयायी, सांख्य, शैव, वैष्णव, बौद्ध, दिगंबर, इतकेच नव्हे तर कारागीरही आपापल्या परीने ज्याला भजतात, त्याच्याविषयी संशय कसला आणि विचार कशासाठी? त्यांचे उत्तर असे की श्रवणानंतर करावयाचे मनन तेच हे, म्हणून ही न्यायचर्चा उपासनाच होय.

तिसऱ्या स्तबकात चार्वाक म्हणतो, जे दिसत नाही ते नाही. आचार्य विचारतात, मग घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून ऊर बडवून रडावे काय? येथे थट्टा आहे खरी, परंतु प्रतिपक्ष्याचे तोंड बंद केलेले नाही. त्यांची आठवण असते म्हणून तो रडत नाही, हे चार्वाकाचे प्रत्युत्तर ते स्वतःच मांडतात आणि दाखवितात की अभावाचा निश्चय तर आठवण असतानाच होतो. जे असते तर दिसलेच असते, त्याच्याच न दिसण्यावरून अभाव ठरतो. परमात्मा इंद्रियांना दिसण्याजोगा नाहीच, तेव्हा न दिसणे त्याच्याविरुद्ध प्रमाण होत नाही. एवढ्याने ईश्वर सिद्ध झाला असेही ते म्हणत नाहीत. ते काम पाचव्या स्तबकाचे. कार्य आहे तेथे कर्ता असावा, हा तेथील मुख्य हेतू.

पुरीच्या मंदिराचे दार बंद पाहून त्यांनी जगन्नाथाला, बौद्ध आले तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती होते, असे सुनावल्याची आख्यायिका लोकप्रिय आहे. ग्रंथाच्या अखेरचे आचार्य निराळे दिसतात. इतक्या युक्तींनीही ज्यांची मने द्रवत नाहीत त्यांना ते कठोर म्हणतात, पण विरोध करताना तेही तुझेच चिंतन करीत होते, म्हणून कालांतराने त्यांनाही तार, अशी विनवणी देवाला करतात.

पुढे श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त आचार्यांचाच एक श्लोक फिरवून त्यांच्यावर उलटविला. चौदाव्या शतकात गंगेशोपाध्यायांना त्या वादात पुन्हा उतरावे लागले.