खिशातला प्रिझम

मित्रांनो, आपल्या वरूडची संत्री ज्या नागपूरच्या नावाने देशभर विकली जातात, त्या नागपुरात 1910 मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन बदलीवर आले होते, शास्त्रज्ञ म्हणून नव्हे तर सरकारी वित्त खात्यातले अधिकारी म्हणून!

7 नोव्हेंबर 1888 रोजी तिरुचिरापल्लीत जन्म. 1907 मध्ये एम.ए. आणि लगेच कलकत्त्यात नोकरी. दिवसा हिशेब, सकाळ-संध्याकाळ बहूबाजार रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत प्रयोग. पुढे रंगून झालं, नागपूर झालं, पण प्रयोगांचं वेड काही सुटलं नाही. 1917 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, पक्की सरकारी नोकरी सोडून त्यांनी कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. प्लेसमेंटच्या या दिवसांत जरा विचार करून बघा!

1921 च्या बोटप्रवासात खिशातल्या निकोल प्रिझममधून त्यांनी भूमध्य समुद्र पाहिला. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे पोलराईज्ड असतो. प्रिझम फिरवून तो अडवला, तरी समुद्र निळाच! म्हणजे तो निळा रंग नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नव्हे, पाणी स्वतः प्रकाश विखुरतं.

1923 मध्ये सहकारी रामनाथन यांना द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, वेगळ्या रंगाची छटा दिसली. अशुद्धीमुळे होणारा फ्लूरोसन्स असेल, असं वाटलं. पण द्रव कितीही शुद्ध केला तरी ती जाईना. पुढे व्यंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये असाच हिरवा प्रकाश दिसला आणि तो चांगलाच ध्रुवित निघाला. साध्या फ्लूरोसन्समध्ये असं सहसा होत नाही. इथेच शंका फिटली. रामन आणि कृष्णन यांनी काम नेटाने पुढे नेलं आणि 28 फेब्रुवारी 1928 ला 'रामन परिणाम' हाती आला. 1930 मध्ये नोबेल, 1954 मध्ये भारतरत्न. 21 नोव्हेंबर 1970 रोजी बंगलोरला निधन.

ध्रुवणाची ही कसोटी आजही चालते. प्रकाश देणाऱ्या कॉन्ज्युगेटेड पॉलिमरवर ध्रुवित लेसरचा अतिसूक्ष्म काळाचा झोत टाकला की त्या दिशेला असलेले साखळीचे तुकडे जास्त उत्तेजित होतात. सुरुवातीचा प्रकाश ती दिशा बऱ्यापैकी राखतो. मग ऊर्जा वेगळ्या दिशेच्या तुकड्यांवर उड्या मारते आणि काही पिकोसेकंदांतच ध्रुवण घटतं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! ध्रुवण किती वेगाने घटलं, त्यावरून ऊर्जा कशी फिरली ते कळतं.

तेव्हा लॅबमध्ये रीडिंग 'चुकीचं' आलं, तर लगेच खोडू नका. आधी प्रिझम फिरवून बघा!