चित्रकार हॉवर्ड कार्टर

तुतनखामून या इजिप्तच्या राजाचे थडगे शोधून काढणारे संशोधक म्हणून हॉवर्ड कार्टर यांचे नाव जगाला ठाऊक आहे. इजिप्तच्या भूमीवर त्यांनी प्रथम पाऊल ठेवले ते मात्र चित्रे उतरवून घेणारा सतरा वर्षांचा मुलगा म्हणून!

कार्टर यांचा जन्म ९ मे १८७४ रोजी लंडन येथे झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वडील प्राण्यांची चित्रे काढीत. त्यांच्याकडूनच ते चित्रकला शिकले. १८९१ मध्ये ते बेनी हसन येथील थडग्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी इजिप्तला गेले.

१८९३ पासून सहा वर्षे त्यांनी देर अल-बहारी येथे काम केले. उंच कड्याच्या पायथ्याशी राणी हातशेप्सुतचे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे भग्न मंदिर आहे. ऊन चढले की तेथील कडा तापतो. अशा कोरड्या, उष्ण हवेत जलरंगाने चित्र काढणे सोपे नसते. कुंचला कागदावर फिरतो न फिरतो तोच रंग वाळतो, पांढऱ्या कागदावरील उन्हाने डोळे दिपतात. भिंतीवरील उथळ कोरीवकाम तिरप्या उजेडातच स्पष्ट दिसते. सूर्य डोक्यावर आला की रेषा जणू पुसल्या जातात. भिंतीवर कागद ठेवून रेषा गिरविण्याची त्या काळची पद्धत कार्टर यांना निर्जीव वाटे. ते मूळ शिल्प निरखून हाताने रेखाटन करीत.

१९०० मध्ये ते प्राचीन वास्तूंचे मुख्य निरीक्षक झाले. १९०५ मध्ये सक्कारा येथे काही फ्रेंच प्रवासी व पहारेकरी यांच्यात मारामारी झाली. कार्टर यांनी इजिप्शियन पहारेकऱ्यांची बाजू घेतली. दिलगिरी व्यक्त करावी, असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही आणि त्याच वर्षी राजीनामा दिला. स्वभाव हट्टी खरा, पण येथे तो हट्ट शोभून दिसतो. नोकरी गेल्यावर प्राचीन अवशेषांची जलरंगचित्रे प्रवाशांना विकून त्यांनी गुजराण केली.

पुढे लॉर्ड कार्नारव्हन यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी उत्खनन सुरू केले. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी राजांच्या दरीत थडग्याची पहिली पायरी सापडली. आतील पाच हजारांहून अधिक वस्तू बाहेर काढण्यास सुमारे दहा वर्षे लागली. त्या वस्तूंची नोंद करताना कार्टर यांनी कितीतरी पत्रकांवर स्वतः रेखाटने काढली. २ मार्च १९३९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ती पत्रके ऑक्सफर्ड येथील ग्रिफिथ संस्थेत जतन करण्यात आली आहेत.