माईसाहेबांचा होकार

एकोणचाळीस वर्षांची, शिकलेली, स्वतः कमावणारी, लग्न न झालेली बाई. सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचे, बायको जाऊन तेरा वर्षं झालेले, दुखण्यानं गांजलेले गृहस्थ. या दोघांनी या वयात एका घरात राहायचं का? आजही आपल्या गावात असा विषय निघाला, तर पारावर आठ दिवस दुसरं बोलणं निघायचं नाही! हा प्रश्न पडला होता १९४८ साली. ते गृहस्थ होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ती बाई होती डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब.

रमाईंच्या त्यागाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या. जयंतीला त्यांची गाणीही ऐकली. माईसाहेबांचं नाव मात्र फार कमी निघतं, आणि निघालं तरी आवाज खाली जातो. म्हणून आज त्यांच्याविषयी.

शारदाचा जन्म २७ जानेवारी १९०९ चा. कुटुंब सारस्वत ब्राह्मण, मूळचं राजापूरकडचं. पण घरातलं वातावरण मोकळं. बहुतेक भावंडांनी जातीबाहेर लग्नं केली आणि घरानं ती मान्यही केली. त्या काळात ही काय साधी गोष्ट होती? शारदा हुशार. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली त्या डॉक्टर झाल्या. गुजरातमध्ये बायकांच्या दवाखान्यात मोठ्या पदावर नोकरी केली. तब्येतीमुळे ती सोडून मुंबईला परतल्या आणि गिरगावात डॉ. माधवराव मालवणकरांच्या हाताखाली काम करू लागल्या.

बाबासाहेबांची पहिली भेट १९४७ मध्ये, पार्ल्याला एका परिचित डॉक्टरांच्या घरी झाली. नंतर बाबासाहेब मालवणकरांकडे उपचाराला येऊ लागले. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, पायांच्या असह्य वेदना. रात्र रात्र झोप नाही. आणि डोक्यावर काम किती? देशाचे कायदामंत्री, शिवाय घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. औषधं लिहून देऊन भागण्यासारखं नव्हतं. पथ्याचं जेवण, वेळेवर गोळी, वेळेवर झोप हे बघायला घरातच कुणीतरी हवं होतं.

रमाबाई २७ मे १९३५ ला गेल्या होत्या. त्यानंतर पुन्हा लग्न करायचं नाही असं बाबासाहेबांनी ठरवलं होतं. मुलगा यशवंतराव आता पस्तिशीचे. मग घरात एखादी नर्स किंवा घर सांभाळणारी बाई ठेवता आली नसती का? बाबासाहेबांनी तोही विचार केला. मार्च १९४८ मध्ये आपले जवळचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मन मोकळं केलंय. परकी बाई घरात राहिली की लोक संशय घेणार, त्यापेक्षा लग्न केलेलं बरं, म्हणून आपला जुना निश्चय मोडावा लागतोय, असा त्याचा आशय. एवढा मोठा माणूस, पण लोक काय म्हणतील हा हिशेब त्यांनाही चुकला नाही!

आता शारदाबाईंच्या बाजूनं बघा. बाबासाहेबांनी लग्नाचं विचारलं, पण त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. वयात अठरा वर्षांचं अंतर. समोरचा माणूस किती आजारी आहे, हे डॉक्टर म्हणून त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आपलं काम सुटणार, मुंबई सुटणार. दोन्हीकडच्या समाजाची बोलणी बसणार. त्यांनी डॉ. मालवणकरांना विचारलं, मोठ्या भावाला विचारलं. दोघांनीही पाठिंबा दिला. पण निर्णय त्यांचा स्वतःचा. आपल्या वाट्याला काय येणार, ते पुरतं कळून त्यांनी होकार दिला.

१५ एप्रिल १९४८ ला, बाबासाहेबांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, दिल्लीत त्यांच्या राहत्या घरी नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. ना मांडव, ना वाजंत्री. मोजकी माणसं आणि रजिस्टरवर सह्या. शारदाच्या सविता झाल्या. बाबासाहेब मात्र त्यांना शारू म्हणत.

पुढची आठ वर्षं, सात महिने त्यांनी जे केलं ते आपण बायका घरोघरी करतोच. जेवणात काय घालायचं, काय टाळायचं, औषध कधी, भेटायला आलेल्यांना कधी थांबवायचं. थांबवलं की लोक नाराज! पण याच वर्षांत घटना पूर्ण झाली. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले आणि ते अडलं तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. याच वर्षांत त्यांनी बुद्धाच्या धम्मावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा माईसाहेबही सोबत दीक्षा घ्यायला उभ्या होत्या.

आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत सगळं संपलं.

त्या दुःखात माईसाहेबांवर आरोप झाले. ज्या बाईनं रात्री जागून काढल्या, तिच्याकडेच संशयानं बघितलं गेलं. सरकारनं चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं. तरी कुजबुज थांबली नाही. माईसाहेब कित्येक वर्षं दिल्लीजवळ मेहरौलीला एकट्या राहिल्या. बाबासाहेबांनी त्या ग्रंथाला मार्च १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. बायकोच्या सेवेमुळे आपलं आयुष्य आठ-दहा वर्षांनी वाढलं, असं त्यात त्यांनी कृतज्ञतेनं नोंदवलं होतं. पण १९५७ मध्ये ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांपुढे यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

मैत्रिणींनो, हे सगळं मला अलीकडे पुन्हा वाचावं लागलं, त्याला कारण आहे. आमचं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, आमच्याकडे किती घरं अर्धी झाली ते सांगायला नको. आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाच कित्येक बाप्यांची दुसरी लग्नं लागली. लेकरांना कोण बघणार, म्हणत लोकांनीच जुळवून दिली. बाईला मात्र हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. तिनं लेकरं बघायची, शेत बघायचं आणि कपाळ मोकळं ठेवायचं, बस्स.

माझी एक मैत्रीण त्यातलीच. तेव्हा तिशीची होती, आज साठीच्या पुढे आहे. त्याच भूकंपात बायको गेलेले एक गृहस्थ गेली वीस वर्षं तिच्या सुखदुःखाला आहेत. लातूरला डोळ्याच्या डॉक्टरकडे तेच नेतात, दिवाळीचा फराळ तिच्याकडून त्यांच्याकडे जातो. लेकरं आपापल्या संसाराला लागली. आता ते म्हणतात, एकाच घरात राहू. तिनं मला विचारलं, बाई, या वयात शोभंल का?

शोभण्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माईसाहेबांच्या आयुष्यातून दोन-तीन गोष्टी मी तिला सांगितल्या. पहिली, उशिरा केलेल्या सोबतीत सेवा बाईच्याच वाट्याला जास्त येते. ती आपल्याला झेपेल का, हे आधी स्वतःला विचारावं. दुसरी, समोरच्याचं दुखणं, देणं आणि लेकरांचं मन उघडं बोलून घ्यावं. माईसाहेबांनी सगळं माहीत असताना हो म्हटलं होतं, म्हणून पुढची बोलणी त्या सोसू शकल्या.

तिसरी गोष्ट कागदाची. बाबासाहेबांनी तेव्हा रजिस्टरवर सही केली, ती उगीच नाही. लग्नाची नोंदणी असली की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको नवऱ्याची पहिल्या वर्गाची वारस ठरते. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, पण मालमत्तेत आपोआप वाटा मिळत नाही. त्याला मृत्युपत्र लागतं. घर कुणाच्या नावावर, बँकेत वारस म्हणून कुणाचं नाव, हे आधीच लिहून ठेवलं तर लेकरांच्या पोटातली भीतीही जाते. आणि राहायचं नाही असं ठरलं, तर तेही तितकंच मानाचं. दोन घरं आणि एक जिव्हाळा, हेही चालतं की! ठरवणारी ती असावी, एवढंच.

माईसाहेबांना त्यांचा मान मिळाला, पण उशिरा. कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणलं. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न राष्ट्रपतींच्या हातून त्यांनीच स्वीकारलं. सहवासाच्या आठवणी लिहून आपली बाजू त्यांनी स्वतः मांडली. २९ मे २००३ ला मुंबईत त्या गेल्या, तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. साडेआठ वर्षांच्या संसारानंतर साडेसेहेचाळीस वर्षं त्या एकट्यानं जगल्या आणि शेवटपर्यंत आंबेडकर हे नाव त्यांनी मानानं सांभाळलं.

हिशेब मांडणाऱ्यांना हा तोट्याचा सौदा वाटेल. पण ज्या वर्षांत देशाची घटना लिहून झाली, त्या वर्षांत ती लिहिणाऱ्या माणसाला वेळेवर जेवू घालणारी, झोपवणारी एक बाई घरात होती. तिनं ते घर स्वतः निवडलं होतं. आपल्या शेजारची एखादी बाई उतारवयात असं काही ठरवत असेल, तर पारावरच्या बोलण्यात निदान आपण तरी भर घालू नये.