डेनिस रिची : अधिकाराची मर्यादा जाणणारा संगणकशास्त्रज्ञ

राज्यकर्त्यांच्या चरित्रांइतकीच साधने घडविणाऱ्यांची चरित्रेही इतिहासाच्या अभ्यासकाने वाचावीत, असे आम्हांस वाटते. ‘सी’ या संगणकभाषेचे जनक डेनिस रिची हे असेच एक साधनकर्ते होत.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील बेल प्रयोगशाळेत संशोधक होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी घेऊन रिचींनी उपयोजित गणितात प्रबंध लिहिला. परंतु तो रीतसर दाखल न केल्याने डॉक्टरेट त्यांना मिळाली नाही. १९६७ साली तेही बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

१९६९ मध्ये प्रयोगशाळेने ‘मल्टिक्स’ या महाप्रकल्पातून अंग काढून घेतले. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एका लहान संगणकावर नवी प्रणाली उभारण्यास आरंभ केला आणि रिची त्यांचे सहकारी झाले. हीच ‘युनिक्स’ होय. १९७३ साली तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे पुढे ती निरनिराळ्या यंत्रांवर नेणे शक्य झाले.

युनिक्समध्ये फाइल निर्माण करणे सोपे होते. सी भाषेतील प्रोग्रामने नाव आणि परवानगीचा अंक दिला की फाइल तयार होई. वाचणे, लिहिणे व चालविणे यांपैकी कोणता अधिकार मालकाला आणि कोणता इतरांना, हे त्या अंकावरून ठरे.

डिरेक्टरीचा प्रश्न मात्र बिकट होता. डिरेक्टरी म्हणजे फाइलींची नावे व त्यांचे क्रमांक यांची नोंदवही. ती वेडीवाकडी लिहिली गेली तर फाइलींची सारी मांडणीच विस्कटेल. म्हणून ती निर्माण करण्याचा अधिकार केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे होता. मग सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

रिचींनी काढलेली तोड अशी : सर्वाधिकार माणसाला न देता, नेमून दिलेले एकच काम करणाऱ्या प्रोग्रामला द्यावा, आणि तोही काम चालू असेपर्यंतच. त्यानुसार डिरेक्टरी बनविणारा प्रोग्राम आधी वापरकर्त्यास त्या जागी लिहिण्याची परवानगी आहे का, हे तपासी. नंतर डिरेक्टरी निर्माण करून तिची मालकी त्याच्याच स्वाधीन करी. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले व पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले.

या रीतीत एक उणीव होती. काम अनेक टप्प्यांत चाले. मध्येच खंड पडल्यास डिरेक्टरी अर्धवट राही. १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या आवृत्तीने हे सारे प्रणालीच्या एकाच आज्ञेत आणले. आज सी प्रोग्राम ती आज्ञा देतो, तेव्हा उत्तरादाखल शून्य आले तर काम झाले आणि उणे एक आले तर ते फसले, असे समजावे. हे उत्तर न तपासता पुढे जाणारा प्रोग्राम विश्वासार्ह नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

१९८३ सालीच रिची व थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतील राहत्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत असत. त्यांच्या निधनाची वार्ता जगाने फारशी ऐकलीही नाही.

अधिकार कामापुरता असावा, आणि काम संपताच निर्मितीची मालकी ज्याची त्याला मिळावी, ही त्यांची शिस्त मात्र आजही असंख्य संगणकांत नांदत आहे.