ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे

भास्कर रामचंद्र तांबे आपल्या मध्य भारतातले. जन्म मुंगावलीचा, शिक्षण झाशी-देवासला, नोकऱ्याही संस्थानांतच. पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब लिहिलेली कविता बरीच वर्षे वहीतच राहिली. पहिला संग्रह निघाला १९२० साली, तोही प्रा. वा. गो. मायदेवांच्या खटपटीने, १९३५ मध्ये माधव जूलियनांनी समग्र कविता संपादली. तांब्यांना गाण्याचा कान होता, कित्येक कवितांवर त्यांनी रागाचे नावच घालून ठेवले आहे. पुढे वसंत प्रभू, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींवर लताबाईंनी त्या गायल्या आणि त्या आपल्या घरोघरी पोचल्या. गाणे पाठ, कवीचे नाव मात्र मुलांना ठाऊक नाही, याची आम्हाला रुखरुख वाटते. ग्वाल्हेरलाच ७ डिसेंबर १९४१ रोजी ते गेले. तिकडे गोव्यात बा. भ. बोरकर त्यांना गुरुस्थानी मानत.