सोन्याचा वर्ख आणि रुदरफोर्ड

रुदरफोर्डचा प्रयोग आपण सगळ्यांनी पाच मार्कांसाठी घोकलेला आहे. सोन्याचा पातळ वर्ख घ्या, त्यावर अल्फा कण सोडा, बरेचसे सरळ पार जातात, थोडे वळतात आणि अगदी मोजके उलटे फिरतात. निष्कर्ष एक, दोन, तीन. आकृती काढा, नावे द्या, सुटलात! मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे 'किरणोत्सारिता' हा भारदस्त शब्द मला इथे होस्टेलवर आल्यावर रूममेटकडून कळला. पण घोकंपट्टी दोन्ही माध्यमांत सारखीच. त्या पाच मार्कांत एक गोष्ट मात्र कधी येत नाही. हा प्रयोग रुदरफोर्डने स्वतःच्या हाताने केलाच नव्हता. तो केला हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी. १९०९ साली हा मार्सडेन वीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या टी.ई.च्या पोरांएवढा!

रुदरफोर्ड मूळचा न्यूझीलंडचा. ३० ऑगस्ट १८७१ रोजी नेल्सनजवळच्या एका खेड्यात जन्मला. वडील गाडीची चाकं बनवायचे, शेती करायचे, पुढे त्यांनी वाखाची गिरणी घातली. आई शाळेत शिकवायची. बारा भावंडांत हा चौथा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे सगळं शिक्षण स्कॉलरशिपवर. १८९५ मध्ये इंग्लंडला जाण्याची जी स्कॉलरशिप मिळाली, तिच्यातही हा दुसऱ्या नंबरवर होता. पहिल्या नंबरच्या उमेदवाराने ती घेतली नाही म्हणून याला मिळाली. (वेटिंग लिस्टवरून अ‍ॅडमिशन मिळालेल्यांनी नोंद घ्यावी.)

केंब्रिजला जे. जे. थॉमसनच्या हाताखाली त्याने आधी बिनतारी लहरी पकडण्याचं यंत्र केलं. ते चांगलं चाललंही होतं, पण नुकतेच क्ष-किरण सापडले होते आणि थॉमसनने त्याला तिकडे ओढलं. १८९८ साली तो कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रोफेसर झाला. वय सत्तावीस. युरेनियममधून बाहेर पडणारे किरण दोन जातींचे असतात हे त्याने ओळखलं होतं, आणि अल्फा, बीटा ही नावं त्यानेच ठेवली.

मॅकगिलची एक गंमत आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल. तिथे ओवेन्स नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर थोरियमवर प्रयोग करत होते. त्यांच्या रीडिंग्ज काही केल्या स्थिर येईनात. हवेची झुळूक आली की आकडा बदलायचा. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको, जर्नल वेळेवर सबमिट होतं! रुदरफोर्डने मात्र तो बदलता आकडाच धरून ठेवला. थोरियममधून एक किरणोत्सारी वायू निघतो, तो झुळुकीबरोबर उडून जातो, आणि त्याचा जोर साधारण दर मिनिटाला निम्मा होतो, हे त्यातून निघालं. आपण गणितात वापरतो ते अर्धायुष्य इथूनच आलं. मग फ्रेडरिक सॉडी या तरुण केमिस्टला घेऊन त्याने दाखवलं की किरणोत्सारी मूलद्रव्य फुटून दुसरंच मूलद्रव्य बनतं. त्या काळी असं बोलणं म्हणजे किमयागारांच्या पंगतीला जाऊन बसणं. १९०८ साली नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. आपण एका रात्रीत फिजिसिस्टचे केमिस्ट झालो, असं तोच हसत सांगायचा.

१९०७ पासून तो मँचेस्टरला होता. अल्फा कण मोजायचा म्हणजे काळोख्या खोलीत बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर मायक्रोस्कोपमधून एकेक बारीक चमक मोजायची. रुदरफोर्डला स्वतःला हे दोन मिनिटंसुद्धा जमत नसे, तो वैतागून उठायचा. गायगर चिवट. मार्सडेनला काहीतरी काम द्यायचं म्हणून रुदरफोर्डने सुचवलं, की मागच्या बाजूला काही कण परत येतात का ते बघ. काही सापडेल अशी त्याला आशा नव्हती. पण कण आले, साधारण आठ हजारांत एक! त्यावर त्याने जवळजवळ दोन वर्षं डोकं घासलं आणि १९११ मध्ये मांडलं, की अणूचा सगळा धनभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मधल्या एका अतिशय छोट्या जागेत असतं. बाकी अणू म्हणजे मोकळं मैदान. इलेक्ट्रॉन फिरता फिरता केंद्रकात का कोसळत नाहीत, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तरी मॉडेल मांडलंच. ते कोडं १९१३ मध्ये नील्स बोरने हाताळलं, तोही आदल्याच वर्षी मँचेस्टरला येऊन गेलेला.

मला वाटतं रुदरफोर्डचं खरं मोठेपण इथे आहे. कोवळ्या पोरांच्या हाती तो खरं काम द्यायचा आणि पेपरवर नाव त्यांचं यायचं. १९०९ चा तो पेपर गायगर आणि मार्सडेनचा आहे, त्यावर रुदरफोर्डचं नाव नाही.

मग महायुद्ध आलं आणि ही लॅब विखुरली. गायगर जर्मन सैन्यात गेला, मार्सडेन समोरच्या बाजूला. मोसले, ज्याने क्ष-किरणांवरून अणुक्रमांकाला अर्थ दिला, तो ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीला मारला गेला. वय सत्तावीस. रुदरफोर्ड पाणबुड्या शोधण्याच्या कामाला लागला आणि उरल्या वेळात नायट्रोजनवर अल्फा कण मारत राहिला. त्यातून हायड्रोजनची केंद्रकं बाहेर पडतात, हे त्याने १९१९ मध्ये छापलं. हाच आपला प्रोटॉन.

त्याच वर्षी तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबचा प्रमुख झाला. चॅडविकचा न्यूट्रॉन (१९३२) त्याच्याच छत्राखालचा. मुंबईहून १९२७ साली केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेले होमी भाभा फिजिक्सकडे वळले ते याच काळात. हिटलरने हाकललेल्या संशोधकांना इंग्लंडमध्ये आसरा मिळावा म्हणून १९३३ साली जी संस्था निघाली, तिचा अध्यक्षही रुदरफोर्डच. अणूमधून वापरता येईल अशी ऊर्जा मिळेल ही कल्पना मात्र त्याने त्याच वर्षी पार उडवून लावली होती.

एकुलती एक मुलगी आयलीन डिसेंबर १९३० मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत लॉर्डपद जाहीर झालं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या हर्नियाला पीळ बसला. ऑपरेशन झालं, पण १९ तारखेला तो गेला. रक्षा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये न्यूटनजवळ ठेवली आहे. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याला इंडियन सायन्स काँग्रेसचं रौप्यमहोत्सवी अधिवेशन होतं आणि अध्यक्ष म्हणून तो भारतात येणार होता. भाषण लिहून तयार होतं. त्याच्या खुर्चीत जेम्स जीन्स बसले आणि रुदरफोर्डचं भाषण तिथे वाचून दाखवण्यात आलं.