विधवा-अनाथांचे धर्मगुरू : धन्यवादित फादर मायकल मॅक्गिव्हनी

घरात मयत झाली की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. शेजारी चहा-जेवणाचे पाहतात, नातेवाईक रात्रीच्या प्रार्थनेला येतात, तरुण मुले दफनाच्या तयारीसाठी धावपळ करतात. सातव्या दिवसाची मिस्सा होते, माणसे आपापल्या कामाला लागतात आणि मग त्या घरच्या बाईच्या हातात एकेक बिल येऊ लागते. इस्पितळाचे, औषधांचे, शवपेटीचे. कमावताच गेला असेल तर पुढच्या महिन्याचे वाणसामान कुठून आणायचे, मुलांची फी कशी भरायची, हे ती कोणाला विचारणार? अशा घरांचा भार ज्यांनी आपल्या खांद्यावर घेतला, त्या एका धर्मगुरूंची आज आम्ही ओळख करून देत आहोत. अमेरिकेतील कॅथलिक घराघरांत त्यांचे नाव ठाऊक आहे. आपल्याकडे ते तितकेसे ऐकू येत नाही, याचे आम्हाला थोडे वाईट वाटते.

मायकल मॅक्गिव्हनी यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, वॉटरबरी या गावी झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील पॅट्रिक पितळेच्या कारखान्यात ओतकाम करीत. भट्टीच्या धगीत दिवसभर उभे राहायचे, असे ते काम. या दांपत्याला तेरा मुले झाली, त्यांतील सहा लहानपणीच दगावली. म्हणजे मृत्यू काय असतो हे थोरल्या मायकलने पुस्तकात वाचले नव्हते, घरातच पुन्हा पुन्हा पाहिले होते. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा संपवून तोही कारखान्यात लागला. चमचे बनवण्याच्या विभागात त्याने तीन वर्षे काम केले. मनात मात्र धर्मगुरू होण्याची ओढ होती. सोळाव्या वर्षी तो कॅनडातील क्वेबेक प्रांतात शिकायला गेला.

१८७३ साली तो मॉन्ट्रियल येथे शिकत असताना वडील वारल्याची बातमी आली. विधवा आई, पाठची भावंडे आणि मिळकत बंद. मायकलने शिक्षण सोडून घर गाठले. त्या वेळी त्याचे वय होते वीस. आपल्या पाचारणाचे आता काय होणार हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या गावांतही थोरला मुलगा असेच पुस्तक मिटून कामाला लागतो, हे आपण पाहिलेले आहे.

हार्टफर्डचे बिशप मॅक्फार्लंड यांनी मायकलच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय केली आणि त्याला बाल्टिमोर येथील सेंट मेरीज सेमिनरीत पाठवले. ही सोय झाली नसती तर पुढची सगळी हकीकत घडलीच नसती. एका दुःखी कुटुंबाच्या मुलाला योग्य वेळी मिळालेला तो हात होता. २२ डिसेंबर १८७७ रोजी बाल्टिमोरच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप गिबन्स यांच्या हस्ते मायकलला गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वॉटरबरीच्या चर्चमध्ये त्यांनी पहिली मिस्सा अर्पण केली, तेव्हा त्यांची विधवा आई समोर बसली होती.

फादर मॅक्गिव्हनी यांची पहिली नेमणूक न्यू हेवन शहरातील सेंट मेरीज चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली. हे चर्च शहरातील श्रीमंत वस्तीच्या हिलहाउस ॲव्हेन्यू या रस्त्यावर उभे होते. आजूबाजूच्या धनिकांना आयरिश मजुरांचे चर्च आपल्या दारात नकोच होते. १८७९ साली न्यू यॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रानेही या चर्चमुळे त्या सुंदर रस्त्याची शोभा गेली, अशा सुराचा लेख छापला. त्यात चर्चवर बांधकामाचे मोठे कर्ज होते. भाविक गरीब, कारखान्यांत राबणारे.

या मजुरांच्या घरात कर्ता पुरुष गेला की काय होई? आजच्यासारखी भविष्यनिर्वाह निधीची किंवा निवृत्तिवेतनाची सोय नव्हती. बाईला मिळणारे काम थोडे आणि मजुरी त्याहून थोडी. त्याहून भीतीदायक गोष्ट अशी की, आई मुलांना पोसू शकेल असे दिसले नाही तर न्यायालय मुलांना तिच्यापासून काढून दुसरीकडे ठेवू शकत असे. म्हणजे नवरा गेला आणि त्यापाठोपाठ मुलेही. कफन-दफनाचा खर्च एक वेळ शेजारी वर्गणी काढून भागवतील, पण मोडलेले घर कोण सांधणार?

त्या काळी मृत सदस्याच्या कुटुंबाला रक्कम देणारी मंडळे अमेरिकेत पुष्कळ होती. पण त्यांतील अनेक गुप्त मंडळे होती आणि फ्रीमेसनसारख्या मंडळांत जाण्यास ख्रिस्तसभेची मनाई होती. कॅथलिक मजुरापुढे मोठा पेच होता. श्रद्धा सांभाळावी तर बायकामुलांना आधार नाही आणि आधार शोधावा तर श्रद्धा पणाला लागते. नुसती मनाई करून भागणार नाही, आपण काहीतरी पर्याय द्यायला हवा, हे फादर मॅक्गिव्हनी यांनी ओळखले. आम्हाला त्यांचा मोठेपणा इथे दिसतो. ते बोस्टनला जाऊन तिथल्या कॅथलिक साहाय्य मंडळाची माहिती घेऊन आले, ब्रुकलिनलाही गेले. नियम, वर्गण्या, हिशेब यांत ते शिरले. चर्चासनावरून दयेवर प्रवचन देणे सोपे असते, पण दयेची वही ठेवणे कठीण.

२ ऑक्टोबर १८८१ रोजी सेंट मेरीज चर्चच्या तळघरात त्यांनी काही पुरुषांची सभा बोलावली. बोलणी चालू असतानाच त्यांच्याच भाविकांतील डाउन्स कुटुंबावर संकट आले. वडील वारले, पैसा उरला नाही आणि मुलांसाठी जामीनदार पालक दाखवा, असे न्यायालयाने सांगितले. फेब्रुवारी १८८२ मध्ये न्यू हेवनच्या न्यायालयात आल्फ्रेड या किशोरवयीन मुलासाठी पालक म्हणून कोण उभे राहणार, असा प्रश्न आला, तेव्हा फादर मॅक्गिव्हनी स्वतः पुढे झाले. त्या वेळी ते अवघ्या २९ वर्षांचे होते. स्वतःच्या पदरी काही नसलेल्या या तरुण धर्मगुरूने दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी कायद्याने आपल्या नावावर लावून घेतली.

पुढच्याच महिन्यात, २९ मार्च १८८२ रोजी, कनेक्टिकट राज्याने त्यांच्या संस्थेला मान्यता दिली. संस्थेचे नाव ठरले ‘नाइट्स ऑफ कोलंबस’. अमेरिकेचा शोध एका कॅथलिकाने लावला, तेव्हा आम्ही या देशात उपरे नाही, हे त्या नावातून सांगायचे होते. (कोलंबसविषयी आज बरीच वेगळी चर्चा होते, पण त्या आयरिश मजुरांच्या मनात तेव्हा एवढेच होते.) अध्यक्षपद फादरांनी स्वतःकडे घेतले नाही. जेम्स मलन या प्रापंचिक गृहस्थांना त्यांनी पुढे केले आणि आपण चिटणिसाचे, म्हणजे पत्रे लिहिण्याचे काम पत्करले.

योजना अगदी साधी होती. सदस्य मृत्यू पावला की प्रत्येक सदस्याने १ डॉलर द्यायचा आणि विधवेच्या हाती १,००० डॉलर ठेवायचे. सदस्य हजाराच्या वर गेले की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी व्हायचा. सदस्य आजारी पडून काम बंद झाले तर आठवड्याला ५ डॉलरपर्यंत, १३ आठवडे मदत. त्यापुढेही दुखणे लांबले तर स्थानिक शाखेने ठरवायचे. यात एक उणीव होती, ती सांगितली पाहिजे. तरुण असो की वयस्क, सर्वांची वर्गणी सारखीच. त्यामुळे लवकर सदस्य होणाऱ्या तरुणाला आयुष्यभरात जास्त पैसे भरावे लागत. पुढे संस्थेने वयानुसार वर्गणीची पद्धत घेतली. पण मूळ गोष्ट चांगली होती. विधवेला कोणाच्या दारात पदर पसरावा लागत नव्हता. तिच्या नवऱ्याने दुसऱ्यांच्या विधवांसाठी डॉलर दिलेला होता, आता इतरांनी तिच्यासाठी दिला. ती दान घेत नव्हती, आपल्या हक्काचे घेत होती. डबा फिरवून गोळा केलेल्या पैशात आणि या पैशात किती फरक आहे, हे ज्याच्या घरासाठी डबा फिरला आहे त्यालाच कळेल.

सुरुवातीला लोक पुढे येईनात. कित्येकांना ही योजना टिकेल असे वाटत नव्हते. फादर पत्रे लिहीत राहिले. १८८३ मध्ये मेरिडन गावी दुसरी शाखा निघाली आणि मग हळूहळू राज्यभर शाखा पसरल्या. या सगळ्यात त्यांचे धर्मगुरूपणाचे काम कुठे सुटले नाही. १८८२ च्या उन्हाळ्यात जेम्स स्मिथ या २१ वर्षांच्या तरुणाला पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल फाशी होणार होती. फादर त्याला तुरुंगात भेटत राहिले आणि १ सप्टेंबरला फासापर्यंत त्याच्याबरोबर गेले.

१८८४ च्या जून महिन्यात त्यांनी संस्थेचे चिटणीसपद सोडले आणि ते तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली थॉमस्टन येथे मुख्य धर्मगुरू म्हणून झाली. घड्याळांच्या कारखान्याचे हे छोटे गाव, तिथलेही भाविक कष्टकरीच. तिथे सहा वर्षे त्यांनी सेवा केली. १८८९-९० च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची मोठी साथ जगभर पसरली. जानेवारीत फादरांना न्यूमोनिया झाला आणि त्यातून ते पुरते उठलेच नाहीत. १४ ऑगस्ट १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. वॉटरबरीच्या दफनभूमीत, आपल्या माणसांजवळ त्यांना ठेवण्यात आले. त्यांचे दोन धाकटे भाऊ, पॅट्रिक आणि जॉन, हेही धर्मगुरू झाले आणि एकामागून एक दोघांनी त्यांच्या संस्थेचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून काम केले.

तळघरात सुरू झालेल्या त्या मंडळाचे आज सुमारे २० लाख सदस्य आहेत. १५ मार्च २००८ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फादर मॅक्गिव्हनी यांना ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. जन्मापूर्वीच आईच्या उदरात गंभीर आजाराने ग्रासलेले एक बाळ त्यांच्या मध्यस्थीने बरे झाले, हा चमत्कार मान्य झाल्यावर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी हार्टफर्डच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. त्यांचा स्मरणदिन १३ ऑगस्ट, म्हणजे जन्मदिवस आणि मृत्युदिन यांच्या मधला दिवस.

१९८२ साली, संस्थेला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांचे अवशेष वॉटरबरीहून न्यू हेवनला आणण्यात आले. ज्या सेंट मेरीज चर्चच्या तळघरात पहिली सभा भरली होती, त्याच चर्चमध्ये आता त्यांची कबर आहे.